पांढऱ्या घोडीची झालर

घोडा पाळणारा माणूस चारचौघांसारखा नसतो. ही काही निंदा नाही. मीही अठरा वर्षं टांगा हाकला आणि माझी बायको मला अजून शहाण्यांत धरत नाही. आमच्या चिंचवड स्टेशनच्या अड्ड्यावर एक जण होता, घोडा शिंकला की तो टांगा वळवून परत घरी जायचा, आत बसलेली सवारी ओरडत राहायची. दुसरा विड्याचं पान अर्धं घोड्याला दिल्याशिवाय स्वतः खात नसे. पण या सगळ्यांना एका बाजूला बसवावं आणि दुसऱ्या बाजूला आमच्या शेजारच्या मामांना एकट्यांना, तरी पारडं मामांकडेच झुकलं असतं.

मामा म्हणजे सख्खे मामा नव्हेत. माझ्या वडिलांचे दोस्त. माणदेशातून दुष्काळाच्या वर्षी एकटे आले आणि इथेच राहिले. स्टेशनामागे चिंचेखाली पत्र्याचा एक तबेला होता. त्याच्या मधोमध कमरेएवढी भिंत. अलीकडे आमचा तांबडा घोडा, पलीकडे मामांची पांढरी घोडी. भिंतीला लागून आमची खोली, पलीकडे त्यांची. सकाळी डोळे उघडले की पहिला आवाज कानावर पडायचा तो घोडीच्या अंगावर फिरणाऱ्या त्यांच्या खराऱ्याचा.

त्या घोडीचे लाड काय सांगावेत. तिचं पाणी मामा धुतलेल्या पटक्याच्या कापडातून गाळायचे. स्वतः मात्र हौदाला तोंड लावून प्यायचे. भिजवलेल्या हरभऱ्याचा दाणा आधी स्वतःच्या दाताखाली धरून बघायचे, आत कच्चा लागला तर तोबरा परत. गवतवाली आली की तिचं ओझं उतरवून मूठभर गवत नाकाशी नेऊन हुंगत उभे राहायचे आणि ती बाई बिचारी डोक्यावरची चुंबळ काढून ताटकळायची. खरारा झाला की गोणपाट, गोणपाटानंतर फडकं, फडक्यानंतर उघडा तळहात. शेपटीला वेगळी फणी होती आणि ती फणी घरातल्या देवाशेजारी ठेवलेली असे. तबेल्यात कुणी शीळ घालायची नाही. जमिनीवर पडलेला लगाम ओलांडायचा नाही. सकाळी रिकामी बादली घेऊन घोडीच्या समोरून जायचं नाही. माझी बायको नवी लग्न होऊन आली तेव्हा एकदा गेली, तर मामांनी तिला तीच बादली भरून पुन्हा त्याच वाटेनं चालायला लावली.

आणि कुणी घोडीची तारीफ केली की मामांचं उत्तर ठरलेलं: "बरी हाय. दात खराब हाईत तिचं."

दात तिचे मोत्यांसारखे होते. दृष्ट लागू नये म्हणून ते असं म्हणत. त्याच कारणासाठी, असं आम्ही सगळे समजत होतो, तिच्या तोंडावर नेहमी एक झालर असे. मोहरकीला, म्हणजे तोंडावरच्या पट्ट्यांना शिवलेली, लाल-निळ्या लोकरीची, कपाळापासून डोळ्यांखाली चार बोटं लोंबणारी. लग्नाच्या वरातीत घोड्याला असा साज घालतात, पण मामांची घोडी ठाणावर नुसती उभी असली तरी झालर तिच्या तोंडावर असायचीच. ती धुवायची असली की मामा दार लावून घेत. आम्ही हसायचो.

आमच्या वडिलांचीही एक खोड होतीच. तांबड्याच्या डाव्या पुढच्या पायाला, गुडघ्याच्या वर, काळ्या लोकरीचा कवड्या ओवलेला दोरा. दर अवसेला जुना सोडून नवा बांधायचा. तो दोरा मामा वळून द्यायचे आणि वडील बांधायचे. त्या वेळी दोघेही जवळ कुणाला येऊ देत नसत. मी विचारलं तर वडील म्हणायचे, "असू दे."

आता मूळ गोष्टीकडे येतो. आमचं गाव पुनावळे. दसऱ्याला गावच्या देवाची पालखी शिलंगणाला शिवेपर्यंत जाते. तेव्हा पालखीपुढं एक घोडा चालायचा, पाठीवर स्वार नाही, नुसती झूल, कारण त्याच्यावर देव बसलेला असतो. हा मान आमच्या तांबड्याचा होता. वडील लगाम धरून पुढं चालायचे, दोन्ही बाजूंना बायका आरत्या घेऊन उभ्या असायच्या. गावात आमची जमीन थोडी, बोलण्यात वजन त्याहून थोडं. पण वर्षातून एक दिवस सगळं गाव आमच्या मागून चालायचं. वडिलांना दुसरं काही नको होतं. मलाही तेच हवं होतं, त्यांच्याहून जास्त.

मग एका श्रावणात वडील गेले. घरात दुःख, त्या वर्षीचा दसरा आम्हाला वर्ज्य. पंच विचारायला आले तेव्हा मीच म्हणालो, मामांची घोडी न्या. मामा नको म्हणत होते. मी आग्रह केला. एका वर्षाचा तर प्रश्न होता.

घोडी गेली आणि गावानं तिच्याकडे बघितलं. पांढरीशुभ्र, मान उंच, त्यात गळ्याखाली देवमण. घोड्याच्या अंगावर केसांचे जे भोवरे असतात त्यांवरून आमच्यात त्याचं सगळं नशीब सांगतात, आणि गळ्याखालच्या भोवऱ्याला देवमण म्हणतात, तो सगळ्यांत शुभ. शिवेवर म्हाताऱ्या बायका तिच्या पायांवर डोकं ठेवत होत्या. मी गर्दीत मागे, उघड्या डोक्यानं उभा होतो. बाजूचा एक जण मला म्हणाला, "ह्येला म्हनावं देवाचं जनावर." तो काही वाईट मनानं बोलला नव्हता. पण त्या दिवसापासून माझी जी जळायला सुरुवात झाली ती थांबली नाही.

मी काय काय केलं ते सांगायला आज लाज वाटते. मीही तांबड्याचं पाणी गाळायला लागलो. त्याला त्या फडक्याचा वास आवडेना, दोन दिवस त्यानं पाण्याला तोंड लावलं नाही. त्याच्या खुरांना तेल चोळलं, तो पुलाच्या चढावर घसरला. वडिलांचा तो दोरा कुजून चिकट झाला होता, होळी झाल्यावर मी तो कापून टाकला, घोडा स्वच्छ दिसावा म्हणून. खाली केस झडून कातडी उघडी पडली होती. मामा भिंतीपलीकडून बघत होते.

"दोरा का काडला रं?"

"कुजला होता."

"नवा वळून देतो."

"नको मामा. गबाळा दिसतो."

त्यांनी तांबड्याच्या त्या पायाकडे एकदा बघितलं. परत खराऱ्याचा आवाज सुरू झाला.

बायको माझी चाकणकडची, जिभेला धार असलेली. एकदा मी भिंतीला टेकून घोडीकडे बघत होतो, भाकरी गार झाली होती, तर म्हणाली, "तिच्याकडं बगता तेवडं माज्याकडं बगितलं आसतं तर मीबी झालर घातली आसती." मी रागावलो. रागावलो, कारण खरं बोलली होती. घोडी अंग झटकायची तरी मला वाटायचं ती मला हिणवते आहे. स्टेशनावर गाडी लागली की कारखान्याच्या बांधकामावर आलेले साहेब लोक आधी घोडीकडेच वळायचे. त्याचं मला फार नव्हतं, सवाऱ्या मलाही मिळत. मला एकच गोष्ट खात होती, दसरा जवळ येत होता.

वर्ष सरलं, वडिलांचं वर्षश्राद्ध झालं. आता मान परत आमच्याकडे, यात मला शंका नव्हती. पंच बाजाराला आले तेव्हा मी स्वतःच विषय काढला. आमचे मुख्य पंच मवाळ माणूस. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"घोडी शोबली रं लई. बायामान्सं इचारत्यात. औंदाबी तिलाच ऱ्हाऊ दे. तुजं पुडं बगू."

"पुढं बघू" म्हणजे काय ते मला कळत होतं. वडिलांची झूल माझ्या ट्रंकेत घडी घालून पडली होती, ती तिथेच राहणार होती. मी मान डोलावली आणि घरी येऊन ताट सरकवून दिलं.

त्याच भाद्रपदात मामांना हिवतापानं धरलं. हुडहुडी भरायची, दोन गोधड्या घालूनही दात वाजायचे. माझी बायको त्यांना पेज नेऊन देई. त्यांनी मला बोलावलं आणि घोडीचं सगळं सांगितलं. पाणी गाळून. हरभरा दाताखाली धरून. फणी देवाजवळची. शीळ घालू नको, आणि तिच्याशी काहीतरी बोलत राहा, गप्प माणूस तिला आवडत नाही. ताप अंगात असताना एवढं सगळं. शेवटी माझं मनगट धरून म्हणाले, "झालर तेवडी काडू नगंस. म्या उठल्याव बगीन."

तीन दिवस मी सगळं तंतोतंत केलं. हरभरे चावले, पाणी गाळलं, घोडीशी बोललोसुद्धा, काय बोललो ते सांगत नाही. चौथ्या दिवशी सकाळी ती तोंड खांबाला घासत होती. मी स्वतःशी म्हणालो, डोळ्यात कुसळ गेलं असेल, बघायला हवं. असं म्हणालो खरा, पण झालर वर करायच्या आधी मी मागे वळून मामांच्या दाराकडे बघितलं. कुसळ बघणारा माणूस मागे वळून बघत नाही.

डोळ्यात काहीच नव्हतं. डोळ्याच्या खाली, हाडावर, रुपयाएवढा भोवरा होता. आसूढाळ. आमच्यात याच्याइतकं वाईट चिन्ह नाही. डोळ्यातून पाणी ओघळतं त्या जागी भोवरा, असं जनावर मालकाला रडवतं म्हणतात. असलं जनावर कुणी दारात बांधत नाही, मग देवाच्या पालखीपुढं नेणं तर दूरच.

मी झालर खाली सोडली. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली नाही. मला आनंद झाला होता.

तबेल्याचा एक कायदा असतो, तो कुठे लिहिलेला नसतो. दुसऱ्याच्या जनावराचा खोटा, म्हणजे अशुभ भोवरा दिसला तर तो तोंडानं उच्चारायचा नाही. घेणारा येऊन विचारेल तेव्हा सांगायचं, एरवी बघितलं ते गिळायचं. तोंडातून निघालेला भोवरा अंगावरच्या भोवऱ्यापेक्षा जास्त नडतो, असं मानतात. मला हा कायदा वडिलांनीच शिकवला होता.

आठ दिवसांनी मुख्य पंच पुण्याहून गाडीनं आले. गावी सोडायला मी त्यांना टांग्यात घेतलं. नदी ओलांडून ताथवडे येईपर्यंत मी पावसापाण्याचं बोललो. मग अगदी काळजीच्या सुरात म्हणालो, "काका, मामा आजारी आहेत. घोडी मीच बघतो सध्या. देवाचं काम आहे म्हणून सांगतो, एकदा तिची झालर वर करून बघा."

एवढंच. भोवरा हा शब्दही मी काढला नाही. कायदा मोडला नाही, असं मी पुढचा सगळा रस्ता स्वतःला समजावत होतो.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन स्टेशनवर आलो तेव्हा ते गाडीकडे न जाता तबेल्याकडे वळले. मामा नुकते उठून बसायला लागले होते. पंचांनी झालर वर केली, बघितलं, खाली केली. "मामा, ह्ये आदी सांगायचं हुतं," एवढंच म्हणाले. मामा भिंतीला धरून उभे होते. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

बातमी अड्ड्यावर पोचायला वेळ लागला नाही. वरातीसाठी घोडी ठरवून गेलेले लोक निरोप पाठवायला लागले. दवाखान्यात निघालेली माणसं मामांचा टांगा सोडून मागच्या टांग्यात चढायची. साहेब लोकांना यातलं काही कळत नव्हतं, म्हणून मामांचा टांगा चालत राहिला. पण स्टेशनातून बाहेर येणारा गावाकडचा माणूस त्या पांढऱ्या घोडीला लांबूनच वळसा घालायचा.

मान माझ्याकडे आला. मात्र पंच आता ताकही फुंकून प्यायला लागले होते. त्यांनी निरोप धाडला, दसऱ्याच्या आधी चार दिवस आम्ही तिघे येऊन तुझाही घोडा बघून घेतो. मी म्हणालो, खुशाल या. तांबड्याला मी लहान शिंगरू असल्यापासून बघत होतो, त्याच्यात काय निघणार.

ते यायच्या दिवशी सकाळी मी तांबड्याला धुऊन, पुसून बाहेर बांधलं होतं. ट्रंकेतली झूल उन्हात टाकली होती. बायको दारात तांदूळ निवडत होती. मामा त्यांच्या खोलीतून निघाले. अजून अशक्त होते, भिंतीला वळसा घालून यायला त्यांना वेळ लागला. हातात काळ्या लोकरीचा नवा दोरा, त्यात कवड्या ओवलेल्या. मी काही विचारायच्या आत ते घोड्याच्या पुढ्यात उकिडवे बसले.

"हात लाव हितं," म्हणाले.

डाव्या पायाच्या गुडघ्याच्या वर, आतल्या अंगानं. होळीला जिथं कातडी उघडी होती तिथं पावसाळ्यात केस भरून आले होते. मी बोट फिरवलं. केस गोल फिरले आणि वर चढले. माझ्या बोटाला ते कळलं, डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. पुढच्या पायाला वर तोंड केलेला भोवरा असला की ते जनावर मालकाचा खुंटा उपटतं, घर उठवतं. आसूढाळीच्या खालोखाल हाच.

"तुज्या बानं हा घेतला तवा मलाच दावाया आनला," मामा दोरा बांधता बांधता सांगत होते. "म्या म्हनलं, परत नेऊन घाल. त्यो म्हनला, आवडलाय. मग काय करतूस. म्या दोरा वळला. धा वरसं दोऱ्यासकट देवाम्होरं चालला की ह्यो. देवानं काय म्हनलं न्हाई."

"पण मामा, वडील गेले ना."

"मान्सं जात्यात. घोड्यानं काय केलं?" त्यांनी गाठ मारली, कवड्या सारख्या केल्या. "माजी बायकू तर घोडी घ्यायच्या आदीच गेली हुती. घोडीनं मला रडवाया ऱ्हायलंच काय हुतं."

ते उठताना माझी बायको पुढं झाली आणि तिनं त्यांच्या दंडाला धरून उभं केलं. मी तिथेच होतो, माझा हात पुढे झाला नाही.

पंच आले. कपाळ बघितलं, गळा बघितला, डोळ्यांखाली तर दोनदा बघितलं. त्यांतला एक खाली वाकला आणि दोऱ्याला हात घालत म्हणाला, "ह्ये काय?"

मामा भिंतीवर कोपर टेकून उभे होते. तिथून म्हणाले, "त्याच्या बाच्या हातचा नेम हाय त्यो. सोडू नगा." पंचानं हात काढून घेतला आणि दोऱ्याला नमस्कार केला.

दसऱ्याला मी वडिलांची झूल घालून तांबड्याला पालखीपुढं चालवलं. दोन्ही बाजूंना आरत्या होत्या. सगळं गाव मागे होतं. वर्षभर मी ज्यासाठी जळत होतो ते सगळं तसंच्या तसं मिळालं होतं आणि माझं सगळं लक्ष त्याच्या डाव्या पायाकडे होतं, गाठ सुटते की काय. शिवेवर कुणीतरी म्हणालं, "घोडा लई देखना." माझ्या तोंडून गेलं, "बरा आहे. दात खराब आहेत त्याचे."

संध्याकाळी चिंचवडला परत येऊन मी मामांकडे सोनं द्यायला गेलो. आपट्याची पानं त्यांच्या हातात ठेवली, पाया पडलो. त्यांनी मला जवळ घेतलं, त्यांच्याजवळची दोन पानं दिली. एक पान घोडीच्या मोहरकीत खोचलं. मोहरकीला झालर नव्हती. ती काढून खुंटीला टांगली होती. घोडीचा सगळा चेहरा मी पहिल्यांदाच उजेडात बघत होतो.

मला राहवलं नाही. "मामा, पंचांना कुणी सांगितलं, तुम्हाला ठाऊक आहे का?"

"पंच तुज्याच टांग्यातनं उतरलं की रं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"मग दोरा का बांधलात?"

ते घोडीच्या मानेवरून तळहात फिरवत होते, नेहमीसारखा, वरून खाली.

"तुला कुठं बांदला? त्याला बांदला. माज्या दोस्ताचा घोडा हाय त्यो."

मी माझ्या बाजूला आलो. तांबडा दाण्यासाठी टाप आपटत होता. तोबऱ्यात हरभरे घातले, एक दाणा दाताखाली धरून बघितला आणि तोबरा त्याच्या तोंडाला बांधला. वर्षभर मी मामांच्या घोडीवर जळलो होतो. त्या संध्याकाळी मला माझ्याच घोड्याचा हेवा वाटला.